डावीकडून तिसरी खिडकी

हॅरोथॉर्प हॉल या आमच्या गावच्या जुन्या हवेलीच्या पुढच्या भिंतीला वरच्या मजल्यावर नऊ खिडक्या आहेत. आठ खऱ्या, एक खोटी. खोटी ती डावीकडून तिसरी. लांबून कळत नाही. जवळ आलं की दिसतं, तिथे काच नाही, लाकूड नाही. विटांचा उथळ कोनाडा, त्यावर गिलावा, गिलाव्यावर काळा रंग आणि काळ्यावर पांढऱ्या रेघा ओढून काढलेली तावदानं. ढगाळ दिवशी, म्हणजे आमच्या लिंकनशरमध्ये बहुतेक रोज, भलेभले फसतात.

बावीस वर्षं मी त्या खिडकीखाली उभी राहून लोकांना तिची गोष्ट सांगत आले. गोष्ट खोटी होती आणि ती मीच रचली होती. आज हे इतकं सरळ लिहिता येतंय, कारण आता ते सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि मला पुन्हा शांत झोप लागायला लागली आहे.

मी एनिड प्रॉक्टर. गावच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका म्हणून. गावात पोरंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद झाली. नवरा आधीच गेलेला. घरी बसून भिंतींना पाढे शिकवण्यापेक्षा बरं म्हणून १९८८च्या उन्हाळ्यात मी हॉलमध्ये बिनपगारी मार्गदर्शक झाले. काम सोपं. खोलीच्या कोपऱ्यात उभं राहायचं. कुणी विचारलं तर सांगायचं. कुणी पडद्याला हात लावला तर खोकायचं. आणि सकाळी दारं उघडण्याआधी प्रत्येक जुन्या खुर्चीवर एकेक वाळलेलं काटेरी बोंड ठेवायचं. 'बसू नये' अशी पाटी लावणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात. काटा ठेवला की समजणारा समजतो.

त्या वर्षी दर गुरुवारी मिस्टर टॅपली यायचे. ऐंशी वर्षांचे, ताठ, कोटाची तिन्ही बटणं लावलेली. चौदाव्या वर्षी या घरात बूट पुसायला लागले ते बटलर होऊनच थांबले. पुढे व्हेसी घराण्याने घर एका संस्थेच्या हवाली केलं. माणसं गेली, चांदीची भांडी गेली, टॅपलींचा गुरुवार मात्र गेला नाही. घरातल्या चौदा घड्याळांना चावी द्यायला ते ग्रॅन्थमहून बसने यायचे. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ का, असं संस्थेने विचारलं तर म्हणाले, "त्याला सातव्या घड्याळाचा स्वभाव माहीत नाही."

पहिल्याच गुरुवारी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"मिसेस प्रॉक्टर, या घराचा एकच नियम आहे. माहीत असेल ते सांगा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि गुरुवारी मला विचारा."

"अर्थातच," मी म्हटलं.

अर्थातच म्हणे! तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिलेली बाई 'माहीत नाही' म्हणते होय? ते शब्द मी नवऱ्यापुढेसुद्धा उच्चारले नव्हते.

ऑगस्टात नॉटिंगहॅमहून सहलीची बस आली. चाळीस माणसं हिरवळीवर उभी, आणि त्यांत रेल्वेतून निवृत्त झालेला एक गृहस्थ. त्याने छत्रीने वर दाखवलं. "ती तिसरी खिडकी बुजवलेली का?"

याचं तयार उत्तर होतं. माझ्याबरोबरची मार्गदर्शक डोरीन बिग्ज ते रोज देत असे. डोरीनकडे सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर: कर. खिडकी बुजवली, खिडक्यांवरचा कर. भिंतीला रंगीत कागद नाही, कागदावरचा कर. व्हेसींचा कुत्रा कशाने मेला असं विचारलं असतं तरी तिने करच सांगितला असता. मीही म्हटलं, "जुन्या काळी खिडक्यांवर कर होता."

"मग एकच का बुजवली?" तो म्हणाला. "या घराला मला साठ तरी खिडक्या दिसतायत. साठांचा भरणाऱ्याला एकसष्टावीचा जड झाला?"

चाळीस माणसं माझ्याकडे पाहायला लागली. प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी मंगळवार. टॅपली दोनच दिवसांनी येणार होते. 'माहीत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"खरं सांगू?" मी आवाज खाली आणून म्हटलं. खोटं बोलणारा माणूस नेहमी असाच सुरू करतो. "सतराशे चार साली सर अँथनी व्हेसींनी हे घर बांधलं. त्यांची मुलगी लेटिस त्या खिडकीतून उतरून एका घड्याळजीबरोबर पळून गेली. दुसऱ्या दिवशी सर अँथनींनी गवंडी बोलावला. म्हणाले, ज्या खिडकीतून ती वाट दिसते ती खिडकी मला नको. विटा लावल्या आणि वर काळा रंग फासला. मुलगी मेली असं समजून."

एका बाईने डोळे पुसले. रेल्वेवाला मात्र सहजासहजी सोडणारा नव्हता. "हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"मिस्टर टॅपलींनी. इथले जुने बटलर."

त्याने हॅट काढली. घराच्या बाबतीत बटलरच्या शब्दापुढे आमच्याकडे न्यायाधीशही गप्प बसतो.

पुन्हा ही गोष्ट सांगायची नाही असं मी त्या संध्याकाळी ठरवलं होतं. पण बसमधली माणसं घरी गेली, त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, शेजारी आले आणि 'ती पळून गेलेल्या मुलीची खिडकी कुठली हो' असं मलाच विचारायला लागले. पुढच्या वसंतात माहितीपुस्तिका छापली, तिच्यात अख्खं पान आलं आणि खाली ओळ: 'श्री. हर्बर्ट टॅपली यांच्या सांगण्यावरून'. मग लेटिसची खिडकी कपबश्यांवर आली, भांडी पुसायच्या फडक्यांवर आली. तरुण मुलगे तिच्याखाली गुडघा टेकून मुलींना मागण्या घालायला लागले. व्हेसींच्या वंशावळीत लेटिस नावाची मुलगी होती खरी, पण ती चौथ्या वर्षीच गोवराने गेली, हे मला फार नंतर कळलं. घड्याळजीबरोबर पळायला बिचारीला वेळच मिळाला नव्हता.

आणि पुस्तिका निघाली त्याच वसंतात टॅपली यायचे थांबले.

कुणी म्हणालं, वय झालं. मी मनात म्हटलं, वय नाही, मी. खाई त्याला खवखवे. ग्रॅन्थम बसने चाळीस मिनिटं, पण त्यांना भेटायला मी एकदाही गेले नाही. १९९३ साली ते वारले तेव्हा मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले आणि कुणाशी न बोलता परत आले. ज्या माणसाने आयुष्यभर या घराबद्दल एक चुकीचा शब्द काढला नाही, त्याच्या तोंडी मी अख्खी कादंबरी घातली होती. त्यानंतरही मी रोज हिरवळीवर उभी राहून तीच कादंबरी सांगत होते, आणि लाज अशी की ती दरवर्षी जास्त चांगली होत चालली होती.

या वर्षी मार्चमध्ये घराच्या चार भिंतींना ओल आली. तपासायला डॉक्टर फेनेला ऑग्डन आल्या. पस्तिशीच्या, डोक्याला पिवळं हेल्मेट, पँटला बारा खिसे. जुन्या घरांच्या विटा वाचणं हा त्यांचा धंदा. चारांपैकी एकच भिंत आधी उघडायची होती, आणि संस्थेने निवडली ती अर्थातच लेटिसची. बाकीच्या तिन्हींचे फोटो कुणी छापले नसते.

सोमवारी परांची बांधली. गिलावा खरवडून अर्धा तास झाला असेल, तोच वरून हाक आली.

"मिसेस प्रॉक्टर! ही खिडकी बुजवलेली नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे ही कधी उघडीच नव्हती. नंतर बुजवली असती तर कडेने सरळ सांधा दिसला असता. इथे कोनाड्याच्या विटा बाजूच्या भिंतीत शिरल्यात, बोटांत बोटं घातल्यासारख्या. सतराशे चारच्या गवंड्याने ही पहिल्या दिवसापासून आंधळीच बांधलीय."

डोरीन माझ्या शेजारी उभी होती. "म्हणजे करसुद्धा नाही?" ती दुखावून म्हणाली.

"कर नाही आणि प्रेमही नाही," वरून उत्तर आलं.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. माझं तांबडं बावीस वर्षांनी फुटलं, आणि तेही परांचीवरून, ओरडून.

मंगळवारी आतून, वरच्या निजायच्या खोलीत, भिंतीवरच्या लाकडी फळ्या उतरवल्या. मागे आणखी विटा निघाल्या, पण या वेगळ्या: पातळ, वेड्यावाकड्या आणि काजळीने काळ्याकुट्ट. डॉक्टरबाईंनी त्यांवर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. सर अँथनींनी हे घर बांधलंच नव्हतं. इथे आधीपासून एक घर होतं, त्यांच्याही आधी सव्वाशे वर्षांचं, डोंबाऱ्याच्या खेळासारखं कसंबसं तोल सांभाळून उभं. सर अँथनींनी त्यावर नवीन भिंतीचा कोट चढवला. नवीन चालीप्रमाणे खिडक्या सारख्या अंतराने हव्या, मध्ये एक आणि दोन्हीकडे चार-चार. पण डावीकडून तिसरी जिथे यायला हवी, नेमकं तिथेच जुन्या घराचं भलंथोरलं धुराडं. पाडावं तर छप्पर खाली यायचं. म्हणून ते ठेवलं, वरचं टोक छपराखाली कापलं, धूर आडवा वळवून मधल्या धुराड्यात सोडला आणि पुढे एक खिडकी रंगवून टाकली. तळमजल्यावर त्याच जागी कोनाड्यात एक संगमरवरी रोमन सम्राट बसवलाय. त्याच्याबद्दल इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं.

दोन विटा काढून धुराड्यात कॅमेरा सोडला तर वरच्या वळणापाशी एक गोल, काटेरी ब्रश लटकलेला दिसला. धुराडी साफ करणाऱ्यांचा असतो तसा.

"हा इथे कसा, देव जाणे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुठल्याच कागदात याची नोंद नाही. पण मिसेस प्रॉक्टर, हे घर पुस्तिकेपेक्षा सव्वाशे वर्षांनी म्हातारं निघालं! आणि तुमची लेटिस नसती ना, तर आम्ही या भिंतीला हातही लावला नसता."

मला क्षणभर वाटलं, सुटले. वाईटातून चांगलं निघालं, आता कोण विचारतंय. मग आम्ही खाली स्वयंपाकघरात चहा प्यायला बसलो.

"एकाच गोष्टीचं वाईट वाटतंय," डॉक्टरबाई कपात बघत म्हणाल्या. "या टॅपलींच्या चाळीस आठवणी आपल्या दप्तरात आहेत. कुठलं चित्र कुठे होतं, जिना कधी फिरवला, कुठल्या खोलीत कोण निजायचं. नवीन पुस्तिका निम्मी त्यांच्यावरच उभी करणार होते मी."

"मग करा की," मी म्हटलं.

"कशी करू? एका ठिकाणी माणूस इतकं रचून सांगतो म्हटल्यावर बाकीचं कशावरून खरं? दुसरा पुरावा मिळेपर्यंत त्यांचं एक अक्षर मला वापरता येणार नाही. नोकरांच्या जेवणघरातली त्यांच्या नावाची पाटीही उतरवावी लागेल. आणि शनिवारी त्यांची नात येतेय, लिनेट. भिंत बघायला मीच बोलावलंय. तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

डोरीन चहात बिस्किट बुडवत होती. "बटलर तो बटलरच," ती म्हणाली. "पोटात एक अन् ओठात एक. पगारच त्याचा घेतात."

"डोरीन, तो माणूस खोटं बोलायचा नाही."

"मग ती खिडकीची गोष्ट काय खिडकीने सांगितली?"

तेवढ्यात तिचं बिस्किट तुटून कपात पडलं, ती चमच्याने ते शोधायला लागली, आणि मी वाचले. पण किती वेळ?

बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडला तर आमच्याकडे दोघंही माफी मागतात, ज्याचा पाय चेंगरला तो जरा जास्तच. पण खरी माफी मागायची वेळ आली की आम्ही हवेबद्दल बोलतो. बुधवारी मी डॉक्टरबाईंना एकटं गाठलं आणि वारा काय सुटलाय ते सांगितलं. गुरुवारी ढगांबद्दल बोलले. शुक्रवारी त्याच म्हणाल्या, "मिसेस प्रॉक्टर, तुम्हाला हवामानाची एवढी काळजी का वाटते?"

मला भीती कशाची वाटत होती? हसण्याची. अर्धं गाव माझं विद्यार्थी. शाई सांडली, काच फुटली की मी वर्गात म्हणायचे, 'ज्याने केलं त्याने उभं राहायचं, मी रागावणार नाही,' आणि एकेकाला उभं करून चांगली रागवायचे. आता ते सगळे पोरंबाळंवाले झालेत, पोस्टात, दुकानात, चर्चमध्ये रोज भेटतात. आणि मार्गदर्शकाचं काम काढून घेतलं तर माझ्याजवळ उरतं काय? एक मांजर आणि रेडिओ. गप्प बसले असते तर कुणालाही काहीही कळलं नसतं. गेलेला माणूस उलटून बोलत नाही. हे सगळ्यात सोयीचं होतं, आणि तेच मला गिळवत नव्हतं. पाटी उतरवायला सुतार सोमवारी येणार होता.

शनिवारी लिनेट टॅपली आली. पन्नाशीची, लिंकनला बस चालवते. ड्युटीवरून तशीच आली होती, बसवाल्यांचं जाकीट, त्याची सगळी बटणं लावलेली. मला धडकीच भरली. तोच ताठा, तीच हनुवटी. हातात प्लॅस्टिकची पिशवी. जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत ती वर आली आणि म्हणाली, "आजोबा म्हणायचे तसाच आहे. तेराव्या पायरीपाशी गुळगुळीत."

निजायच्या खोलीत आम्ही चौघी उभ्या राहिलो. समोर उघडी भिंत, काळ्या विटा. डॉक्टरबाईंनी तिला जुनं घर, नवा कोट, धुराडं, सगळं दाखवलं. मग हेल्मेट काढून हातात धरलं. आता ते वाक्य येणार हे मला कळलं.

"मिस टॅपली, तुमच्या आजोबांबद्दल जरा अवघड बोलायचंय. त्यांनी या खिडकीबद्दल जी गोष्ट सांगितली..."

मी पाऊलभर हटले. मागे खुर्ची होती. मी बसले.

बावीस वर्षं ती काटेरी बोंडं मी माझ्या हाताने ठेवली होती. त्या दिवशी सकाळीही मीच ठेवलं होतं.

अशी काही उडाले म्हणता! आणि किंकाळीबरोबरच तोंडातून निघालं, "ती मी सांगितली! टॅपलींनी नाही, मी! मीच रचली!"

मी एका हाताने पाठीमागचा काटा धरलेला, दुसऱ्या हाताने पलंगाचा खांब. आता थांबून उपयोग नव्हता. मी सगळं सांगितलं. मंगळवार, बस, रेल्वेवाला, छत्री. 'माहीत नाही' म्हणता आलं नाही म्हणून त्यांचं नाव घेतलं. ते यायचे थांबले ते माझ्यामुळेच. मी त्यांना कधी भेटायला गेले नाही ती भीतीपोटी. त्यांच्या चाळीसच्या चाळीस आठवणी खऱ्या आहेत, पाटी उतरवायचीच तर माझी उतरवा.

"तुझी पाटी नाहीये," डोरीन म्हणाली. मग हळूच, "घड्याळजीसुद्धा खोटा?"

"घड्याळजीसुद्धा."

"मला आवडायचा तो," ती म्हणाली, आणि खरंच खट्टू झाली.

मी लिनेटकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात हसण्याचा आवाज आला. लिनेट हसत होती, पिशवीत हात घालून काहीतरी शोधत होती.

"म्हणजे मिसेस प्रॉक्टर तुम्ही होय!" ती म्हणाली. "अहो, मी हे द्यायलाच आले होते."

तिने पुस्तिका काढली. तीच, १९८९ची, कोपरे मऊ झालेली. उघडली तर प्रत्येक पानाच्या समासात बारीक पेन्सिल.

"त्या वसंतात आजोबांच्या गुडघ्यांनी दगा दिला," लिनेट म्हणाली. "बसची पायरी चढवेना. तरी गुरुवारी सकाळी कोट घालून बसायचे. मी ही पुस्तिका आणून दिली, म्हटलं, घर बघायला मिळत नाही तर निदान वाचा. दोन आठवडे पेन्सिल घेऊन बसले होते. आम्हाला कुणाला हात लावू देत नव्हते."

"गुडघे?" मी म्हटलं. "नुसते गुडघे?"

"दोन्ही," लिनेट म्हणाली.

तिने पानं उलटली. 'चूक. हे चित्र १९३१ पर्यंत जेवणघरात होतं.' 'चूक. घोडा नव्हे, खेचर.' 'जिना १९१२ नव्हे, १९२७. पायऱ्या मी स्वतः मोजल्या.' डॉक्टरबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग खिडकीचं पान आलं. माझा चष्मा खाली राहिला होता. लिनेटने वाचलं.

"'खोटं. मी असं कधीही म्हणालो नाही. मागे जुन्या घराचं धुराडं आहे. १९३४ साली साफ करणाऱ्याचा ब्रश वळणावर अडकला, तो अजून तिथेच असणार. मिसेस प्रॉक्टर यांनी गुरुवारी विचारलं असतं तर सांगितलं असतं.'"

"ब्रश!" डॉक्टरबाई ओरडल्या. त्यांच्या हातातलं हेल्मेट खाली पडून घरंगळत पलंगाखाली गेलं. "ब्रश! म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं! एकही वीट न काढता!"

"थांबा, खाली अजून आहे," लिनेट म्हणाली. "हे नंतर लिहिलेलं दिसतंय, अक्षर जरा हललंय. 'गोष्ट चांगली आहे. बाई नवीन आहेत. राहू द्यावी.'"

माझा जीव भांड्यात पडला म्हणजे किती आवाज झाला असेल! बावीस वर्षं जे छातीवर होतं ते एकदम उतरलं आणि मला रडू आलं. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, तीन जणींसमोर, पाठीला काटा टोचलेला, आणि मी आनंदाने रडत होते. डोरीनने काटा काढला आणि रुमाल दिला. रुमालावर लेटिसची खिडकी छापलेली होती.

"तुम्ही यायला हवं होतं हो," लिनेट म्हणाली. रागावून नाही. "शेवटपर्यंत गुरुवारी दाराकडे बघायचे. म्हणायचे, हॉलमधल्या त्या बाई येतील, त्यांचं काहीतरी विचारायचं राहिलंय."

ते मात्र आता माझ्याकडेच राहणार, मला ठाऊक आहे. पण भीतीपेक्षा पश्चात्ताप बरा. त्याच्याबरोबर निदान झोपता येतं.

पाटी उतरली नाही. सोमवारी सुतार आला तेव्हा डॉक्टरबाईंनी त्याच्याकडून दुसरी, मोठी बसवून घेतली. नव्या पुस्तिकेत टॅपलींच्या चाळीस आठवणी तर आहेतच, पेन्सिलीने लिहिलेल्या एकशे सहा दुरुस्त्याही आहेत. लेटिसचं पान ठेवलंय, खाली ओळ बदलून: 'श्रीमती एनिड प्रॉक्टर यांनी रचलेली'. पोस्टातला माणूस, माझाच विद्यार्थी, म्हणाला, "बाई, ज्याने केलं त्याने उभं राहायचं!" सगळी रांग हसली. मीही हसले. जेवढं घाबरले होते तेवढं काही ते नव्हतं.

मला वाटलं होतं, आता कोण कशाला त्या खिडकीखाली येईल. पण परवा मंगळवारी पुन्हा बस आली, डर्बीची. मी त्यांना जुनं घर, नवा कोट, धुराडं, ब्रश सगळं सांगितलं, आणि शेवटी लेटिसचीही गोष्ट सांगितली, खोटी म्हणूनच. त्यांना दोन्ही आवडल्या. मग एका बाईने फाटकाकडे बोट केलं.

"त्या दगडी सिंहांपैकी एकाला शेपूट का नाही?"

"कर," डोरीन माझ्या कानाशी पुटपुटली.

सगळे माझ्याकडे बघत होते. मला उत्तर सुचलंही होतं, चांगलं होतं, त्यात एक धाकटा भाऊ होता आणि पैज होती. मी तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

काही झालं नाही. कुणी हसलं नाही, आभाळ कोसळलं नाही. बाईंनी मान डोलावली आणि त्या थांबून राहिल्या, जणू मी पुढे आणखी काही सांगणार होते. आणि सांगायचं होतंच. गुरुवारी लिनेटची सुट्टी असते; आता घड्याळांना चावी तीच देते, आणि ती पेन्सिलची पुस्तिका तिच्या पिशवीत असते.

"गुरुवारी विचारून सांगते," मी म्हटलं.